रस्त्याचा आराखडा ठरण्याआधी: सुरक्षित रस्त्यांसाठी रहिवाशांना काय, केव्हा आणि कसे विचारावे

एखाद्या चौकात माणूस दगावतो, पोलीस येतात, पंचनामा होतो आणि त्या दिवशी तो चौक सरकारी दप्तरात पहिल्यांदा धोकादायक म्हणून नोंदला जातो. कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी, रिक्षा थांब्यावरचे चालक आणि रोज सकाळी नातवंडांना शाळेत सोडायला येणारे आजी-आजोबा यांना मात्र तो धोका कित्येक महिने आधीपासून ठाऊक असतो. उतारावरून येणाऱ्या दुचाक्या नेमक्या कुठे आवरत नाहीत, थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या आडून रस्ता ओलांडणारा माणूस मागून येणाऱ्या चालकाला कसा दिसत नाही, पावसाळ्यात पदपथासमोर तळे साचले की शाळेची मुले कुठून चालू लागतात, हे त्यांनी रोज पाहिलेले असते. थोडक्यात वाचल्याच्या या प्रसंगांची नोंद कोणत्याही खात्याकडे होत नाही. स्थानिक रस्ते सुरक्षित करण्याच्या नियोजनात रहिवाशांना सहभागी करून घ्यावे असे सांगितले जाते, त्याचे खरे कारण हे आहे की अपघात होण्याआधीची माहिती त्यांच्यापाशी असते. ती माहिती अभियंत्याच्या आराखड्यापर्यंत कशी पोहोचते, वाटेत कुठे अडते आणि कोणत्या टप्प्यावर पोहोचली तर उपयोगी पडते, हे महाराष्ट्रातील शहरे आणि गावे डोळ्यांसमोर ठेवून समजून घेऊ.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. देशभरातील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून अधिक, म्हणजे बत्तीस हजारांहून जास्त, पायी चालणारे होते. दर पाच मृतांपैकी जवळजवळ एक जण पायी चालत होता. तरीही आपल्याकडे रस्ता आखताना आधी वाहनांच्या मार्गिका ठरतात, मग वाहने लावण्याची जागा ठरते आणि उरलेल्या पट्टीला पदपथ म्हटले जाते. त्या पट्टीवरही विजेची पेटी, खांब आणि जाहिरातीचा फलक आधीच येऊन उभे असतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातील रस्त्यांची मानके ठरवते आणि तिच्या मानकांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी जागा पूर्णपणे मोकळी असली पाहिजे. दोन माणसांना, किंवा चाकाची खुर्ची आणि एक माणूस यांना शेजारून जाता येईल एवढी ही जागा आहे. आपल्या घराजवळच्या पदपथावर एक टेप घेऊन गेलात, तर मानक आणि वास्तव यांच्यातले अंतर दहा मिनिटांत कळेल.

अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ज्याला सर्रास ब्लॅक स्पॉट म्हणतात, ते ठरवण्याची पद्धत पाहिली की रहिवाशांच्या माहितीची गरज आणखी स्पष्ट होते. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, की ते ठिकाण अपघातप्रवण मानले जाते. दुरुस्तीचा पैसा आधी कुठे वळवावा हे ठरवण्यासाठी ही व्याख्या उपयोगी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण वस्तीतल्या रस्त्यावर अपघात एका ठिकाणी साचत नाहीत, ते पसरतात. एका गल्लीच्या तोंडाशी एक, शाळेच्या फाटकापाशी एक, बाजाराच्या वळणावर दोन, असे ते होत राहतात आणि कोणतेच ठिकाण यादीत येण्याइतके मोठे होत नाही. शिवाय ज्या रस्त्यावर चालणे फार भीतीचे झाले आहे, तिथे वृद्ध माणसे बाहेर पडणेच सोडून देतात, आईवडील मुलांची सायकल काढून घेतात आणि मग तिथे अपघातांची संख्या कमी दिसते. असा रस्ता कागदावर सुरक्षित ठरतो, कारण ज्यांना धोका होता ते तिथून निघून गेलेले असतात. हे आकड्यांत दिसत नाही, ते विचारल्यावरच कळते.

आता वेगाबद्दल, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात गाडी आठ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते आणि कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबेपर्यंत ती एकूण साधारण १३ मीटर कापते. वेग ५० असेल तर हेच अंतर सुमारे २८ मीटर होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ३० च्या वेगाची गाडी ज्या जागी येऊन थांबलेली असते, त्या जागी ५० च्या वेगाच्या गाडीचा ब्रेक जेमतेम लागायला सुरुवात होत असते, म्हणजे ती पूर्ण वेगात मुलावर आदळते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या रस्ते सुरक्षेवरील जागतिक मंत्री परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे आणि वाहने एकाच जागी वावरतात तिथे कमाल वेग ३० असावा असे म्हटले आहे, ते याच हिशेबामुळे. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीत मोटारींची कमाल मर्यादा ७० आहे. राज्यांना आणि स्थानिक यंत्रणांना ती कमी करता येते, पण शाळेसमोरच्या रस्त्यावर ती कमी करण्याची मागणी कुणीतरी करावी लागते.

ही मागणी लोक आपल्या भाषेत करतात आणि ती नेहमी एकाच शब्दात येते: गतिरोधक. वस्तीतल्या बैठकीत रस्त्याचा विषय निघाला की पहिली पाच मिनिटे गतिरोधकावर जातात. मानकांमध्ये एका प्रकारचा गतिरोधक ३.७ मीटर लांबीचा आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंचीचा सांगितला आहे. साधारण २५ च्या वेगाने जाणारे वाहन त्यावरून हळुवार चढून उतरावे आणि जास्त वेगाने जाणाऱ्याला धक्का जाणवावा, अशी त्यामागची कल्पना आहे. त्याच्या आधी फलक, पांढरे पट्टे आणि रात्री चमकणाऱ्या खुणा असाव्या लागतात. प्रत्यक्षात मागणी आली की रातोरात डांबराचा एक उभट, अरुंद उंचवटा टाकला जातो, त्यावर रंगही नसतो. अशा उंचवट्यावर अंधारात दुचाकी उडते आणि मागे बसलेली व्यक्ती रस्त्यावर फेकली जाते. रुग्णवाहिकेतील रुग्णाला आणि गरोदर स्त्रीला त्याचा होणारा त्रास वेगळाच. म्हणजे लोकांनी सांगितलेला धोका खरा असतो, पण त्यांना सुचलेला उपाय नवा धोका निर्माण करतो.

यातून लोकसहभागाची पहिली शिस्त मिळते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही तीच आहे. रहिवाशांना आधी उपाय विचारू नये, त्यांना अनुभव विचारावा. "इथे काय हवे?" असे विचारले की गतिरोधक, दुभाजक आणि सिग्नल ही तीन उत्तरे येतात, कारण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर तेवढेच असते. "तुम्ही कुठे थांबता, कुठे घाई करता, कोणत्या वेळी मुलाचा हात घट्ट धरता, कोणत्या रस्त्याने जाणे टाळता?" असे विचारले की वेगळीच माहिती बाहेर येते. मग लक्षात येते की अडचण वेगाची नव्हती, तर कोपऱ्यावर उभ्या केलेल्या टेम्पोमुळे वळणापलीकडचे दिसत नव्हते. किंवा झेब्रा क्रॉसिंग जिथे रंगवले आहे तिथे कुणालाच ओलांडायचे नसते, कारण बस थांबा आणि दवाखाना पन्नास पावले पुढे आहेत. किंवा गल्लीचे तोंड इतके ऐसपैस आणि गोलाकार ठेवले आहे की गाड्या वेग कमी न करताच वळतात. या प्रत्येक दुखण्यावर अभियंत्याकडे वेगळे औषध असते. कोपऱ्यापासून काही मीटर वाहने लावण्यास मनाई करता येते, ओलांडण्याची जागा लोक खरोखर ओलांडतात तिथे हलवता येते, वळणाची गोलाई कमी करता येते, पदपथाच्या पातळीवर उचललेले क्रॉसिंग करता येते, रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला निवारा देता येतो. निवारा कशासाठी, हे एका हिशेबाने कळते. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा तरुण सुमारे १२ सेकंदांत ओलांडतो, तर सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना १७ ते १८ सेकंद लागतात. सिग्नलचा पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा तरुणाच्या मापाने बसवला असेल, तर आजी रस्त्याच्या मधोमध अडकतात.

अनुभव सांगून झाला की तो मोजून दाखवावा लागतो, कारण कार्यालयात "गाड्या फार वेगाने जातात" या वाक्याला वजन नसते आणि "सायंकाळी पाच ते सहा या वेळात शंभरपैकी साठ वाहने ४० पेक्षा अधिक वेगाने गेली" या वाक्याला असते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी खडूने ५० मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, प्रत्येक खुणेजवळ एक माणूस उभा राहावा आणि मोबाइलवरच्या घड्याळाने वाहनाला लागलेला वेळ मोजावा. ५० मीटर अंतर सहा सेकंदांत कापले तर वेग ताशी ३०, साडेचार सेकंदांत कापले तर ताशी ४० आणि ३.६ सेकंदांत कापले तर ताशी ५० किलोमीटर. शंभर वाहनांची अशी नोंद झाली की ती चढत्या क्रमाने लावून पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग पाहतात. वाहतूक अभियंते हाच आकडा वापरतात, कारण तो सरासरीपेक्षा रस्त्याचे खरे वागणे जास्त नेमके सांगतो. याच्या जोडीला एक पदफेरी काढावी. रहिवासी, शाळेतले शिक्षक, प्रभागाचे कनिष्ठ अभियंता आणि वाहतूक शाखेचा अंमलदार यांनी नकाशा हातात घेऊन तो रस्ता एकत्र चालावा, दर थोड्या अंतरावर थांबावे आणि दिसलेली गोष्ट नकाशावर खूण करून लिहावी. कार्यालयातील टेबलावर वर्षभर न सुटलेला मुद्दा जागेवर उभे राहिल्यावर मिनिटभरात दोघांनाही दिसतो. पदफेरी एकदा सकाळी शाळेच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर काढावी. रात्रीचा रस्ता हा वेगळाच रस्ता असतो आणि स्त्रियांना त्याबद्दल सर्वांत जास्त सांगायचे असते.

सर्वेक्षणाचा दिवस हाही लहान मुद्दा नाही. सल्लागार कंपनीची माणसे मंगळवारी येऊन वाहने मोजून जातात आणि आठवडे बाजार रविवारी भरतो. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की पुढचे कित्येक महिने रात्री रस्त्यांवर उसाने खच्चून भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, बाहेर आलेल्या उसामुळे रुंदीचा अंदाज येत नाही आणि मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर जाऊन आदळतो. जून महिन्यात केलेल्या वाहतूक मोजणीत यातले काहीही दिसत नाही. गावातल्या कुणालाही विचारले तर तो पहिल्या वाक्यात सांगेल, आणि ट्रॉल्यांना चमकणाऱ्या पट्ट्या किंवा लाल कापड लावण्याचे काम अनेक गावांत तरुणांनी आणि कारखान्यांनी हाती घेतले आहे, तेही याच ज्ञानातून. आषाढी वारीच्या वाटेवरील गावांना दिंड्यांच्या दिवसांत कोणत्या अरुंद पुलावर गर्दी अडते, हेही कोणत्या नकाशात लिहिलेले नसते.

एवढी माहिती गोळा केल्यावर ती कुणाकडे आणि केव्हा न्यायची, इथे बहुतेक प्रयत्न थकतात. आधी रस्ता कुणाचा आहे हे पाहावे लागते. शहरातला रस्ता बहुधा महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा असतो, पण त्याच शहरातून जाणारा एखादा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असू शकतो, तर ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. रस्ता एका खात्याचा, सिग्नलचे नियंत्रण वाहतूक पोलिसांचे, दिव्याचा खांब विद्युत विभागाचा आणि थांबा परिवहन संस्थेचा, अशी वाटणी असल्यामुळे एकाच कार्यालयात अर्ज देऊन काम होत नाही. हे सगळे एका टेबलाभोवती येण्याची कायदेशीर जागा म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये तिची तरतूद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही राज्यांकडे या विषयाचा सतत पाठपुरावा केला आहे. आपल्या पदफेरीचा अहवाल आणि मोजणीचा तक्ता या समितीपुढे ठेवण्याची विनंती कोणत्याही नागरिकाला लेखी करता येते.

आता वेळेचा प्रश्न. रस्त्याचे काम एका ठरलेल्या क्रमाने पुढे जाते: पाहणी, आराखडा, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम आणि शेवटी दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावरही कंत्राटदार दुरुस्तीला बांधील असतो ती मुदत. आराखड्याच्या टप्प्यावर पदपथ अर्धा मीटर रुंद करणे म्हणजे कागदावरची रेघ सरकवणे असते. निविदा निघाल्यानंतर तोच बदल म्हणजे सुधारित मान्यता, वाढीव खर्च आणि कंत्राटदाराशी वाद असतो, आणि काँक्रीट पडल्यानंतर तो पुढची वीस वर्षे होत नाही. आपल्याकडे लोकांना रस्त्याची पहिली बातमी कळते ती बहुधा खोदाई सुरू झाल्यावर, म्हणजे सर्वांत उशिरा. नागरिकांनी आंदोलन केले, प्रशासन हट्टी राहिले, असे जे चित्र पुढे उभे राहते, त्याच्या मुळाशी अनेकदा दुष्टपणा नसतो. योग्य प्रश्न चुकीच्या महिन्यात विचारलेला असतो.

म्हणून अंदाजपत्रकाचे वेळापत्रक जाणणे फार उपयोगी आहे. महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि आयुक्तांचे अंदाजपत्रक त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मांडले जाते. त्यामुळे एखाद्या रस्त्यासाठी तरतूद हवी असेल तर ती मागणी पावसाळा संपण्याच्या सुमारास विभागापर्यंत पोहोचलेली असावी लागते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याचा उपक्रम चालवला आहे आणि त्यात लोकांनी सुचवलेल्या कामांमध्ये पदपथ, दिवे, बस थांबे अशी रस्त्याशी संबंधित कामे नेहमी असतात. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तीही संधी आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: विकास आराखडा फक्त रस्त्याची रेषा आणि रुंदी ठरवतो. त्या चोवीस किंवा तीस मीटरमध्ये पदपथाला किती, सायकलीला किती, झाडाला किती हे तिथे ठरत नाही. ते ठरते रस्त्याच्या स्वतंत्र आराखड्यात, आणि तो आराखडा लोकांसमोर मांडण्याची सक्ती कुणावर नाही. म्हणूनच तो मागावा लागतो. माहिती अधिकारात आराखड्याची प्रत मिळू शकते. पण मागण्याआधीच तो प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या आकारात लावला गेला तर दोन्ही बाजूंचे किती श्रम वाचतील.

गावात ही सोय तुलनेने बळकट आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे असा कायदा आहे आणि ग्रामसभेचा ठराव हा बांधकाम विभागापुढे ठेवता येणारा ठोस कागद असतो. शहरांसाठीही महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागाच्या एका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली, पण क्षेत्रसभा भरल्याची उदाहरणे विरळच. त्यातच मुंबई आणि पुणे महापालिकांमध्ये मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. ज्या काळात नगरसेवक नाही त्या काळात आपल्या गल्लीचा प्रश्न मांडायचा कुणाकडे, हा प्रश्न लाखो लोकांनी अनुभवला आहे.

बैठक बोलावली म्हणजे लोक आले, असे नसते. रविवारी सकाळी दहाच्या बैठकीला निवृत्त पुरुष, सोसायट्यांचे सचिव आणि दुकानदार येतात. त्यांचे म्हणणे मोलाचे असते, पण रस्ता वापरणाऱ्यांत ते थोडे असतात. धुणीभांडी करायला सकाळी चार घरे चालत जाणाऱ्या ताई, हातगाडी ढकलणाऱ्या कचरावेचक, पहाटे दूध आणि वर्तमानपत्र टाकणारी मुले, घरपोच खाणे पोहोचवणारे तरुण, पांढरी काठी घेऊन चालणारे अंध प्रवासी यांच्यापैकी कुणीही त्या बैठकीत नसते, आणि रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ हेच लोक असतात. त्यांच्याकडे जावे लागते: बस थांब्यावर, रिक्षा थांब्यावर, कचरा वेगळा करण्याच्या शेडवर. फेरीवाल्यांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. रस्ते सुरक्षेच्या नावाखाली फेरीवाल्यांच्या हातगाड्या हटवा एवढेच म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की रात्री नऊ वाजता बस थांब्याजवळ उजेड आणि माणसांची वर्दळ असते ती बहुतेक वेळा त्या गाड्यांमुळेच, आणि एकट्या उभ्या असलेल्या मुलीला त्याचा आधार असतो. गाडी कुठे उभी राहावी हे आखून देणे आणि गाडीच नको म्हणणे यांत फरक आहे.

मुलांना विचारणे सर्वांत फलदायी ठरते. मुलाची उंची कमी असल्याने उभ्या गाड्यांपलीकडचे त्याला दिसत नाही आणि येणाऱ्या वाहनाचा वेग त्याला नीट ओळखता येत नाही. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचे चित्र काढून भीती वाटते तिथे लाल रंग भरायला सांगितला, तर एका वर्गातून मिळालेला नकाशा कोणत्याही सर्वेक्षणाच्या तोडीचा असतो. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर एका शाळेसमोर महापालिका, वाहतूक पोलीस आणि तज्ज्ञ संस्था यांनी २०२२ मध्ये शालेय सुरक्षित क्षेत्राचा प्रयोग केला. त्यात रंग आणि तात्पुरत्या अडथळ्यांच्या साहाय्याने मुलांसाठी चालण्याची आणि थांबण्याची जागा वेगळी काढली होती.

अशा तात्पुरत्या प्रयोगांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण विरोध निवळण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग तोच आहे. रस्त्यात बदल सुचवला की दुकानदार म्हणतात, वाहने लावायला जागा राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. त्यांची भीती पोटाशी निगडित आहे आणि तिला आकडेवारीने उत्तर देऊन ती जात नाही. पक्के बांधकाम न करता शंकू, कुंड्या आणि रंग वापरून नवा आराखडा काही दिवस रस्त्यावरच मांडला, तर दुकानदाराला आपला धंदा स्वतः मोजता येतो, बसचालकाला वळण घेऊन पाहता येते आणि अभियंत्याला कागदावर न दिसलेली चूक दिसते. पुण्यात औंध येथील डीपी रस्त्याच्या फेररचनेच्या वेळी अशी चाचणी घेतली गेली होती. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. एरवी गाड्यांच्या आवाजात बोलता न येणाऱ्या त्या रस्त्यावर त्या दिवशी लोक रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. एक दिवस पुरेसा नाही, हे खरेच; तरी ज्याने त्या दिवशी लहान मुलाला तिथे मोकळे पळताना पाहिले, त्याला नंतर रुंद पदपथ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

लोकसहभागाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका सोसायटीने आपल्या गल्लीत फाटक बसवून घेतले की तिथली वाहतूक शेजारच्या वस्तीत शिरते, आणि त्या वस्तीचा आवाज बहुधा लहान असतो. म्हणून चर्चा एका गल्लीची न करता आसपासच्या सर्व रस्त्यांची एकत्र करावी लागते. शिवाय काही गोष्टी हात वर करून ठरवण्याच्या नसतात. अंध व्यक्तीसाठी पदपथावर स्पर्शपट्टी हवी की नको, शाळेसमोर वेग कमी असावा की नसावा, यावर बहुमत घेणे योग्य नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा पादचाऱ्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तसेच रहिवाशांनी आराखड्याला संमती दिली म्हणून अभियंत्याची जबाबदारी कमी होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८ अ नुसार सुरक्षेची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर रस्त्याची यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

लोकांचा विश्वास सर्वांत जास्त कशाने तुटत असेल तर विचारून घेतले आणि पुढे काहीच कळवले नाही, याने. सूचना मान्य झाली का, नसेल तर कोणत्या कारणाने, असेल तर कोणत्या वर्षाच्या तरतुदीतून, एवढे तीन रकान्यांचे पत्रक त्या चौकातच लावले तरी माणसे दुसऱ्यांदा येतात. नकार कारणासह दिला तर तो लोक स्वीकारतात, असा अनुभव आहे. उत्तर न मिळणे मात्र ते विसरत नाहीत.

काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच रहिवाशांनी त्याच ५० मीटरच्या खुणांवर, त्याच वारी आणि त्याच वेळी पुन्हा शंभर वाहनांचा वेग मोजावा, आजींना रस्ता ओलांडायला किती सेकंद लागले ते लिहावे, शाळेतल्या मुलांकडून वाटेचा नकाशा पुन्हा काढून घ्यावा आणि जिथे लाल रंग अजून आहे ती जागा दोष दायित्व कालावधी संपण्याआधी अभियंत्याला लेखी कळवावी, कारण त्या मुदतीत कामातली चूक आणि नादुरुस्ती कंत्राटदाराला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावी लागते आणि ती मुदत केव्हा संपते हे बहुधा कामाच्या फलकावर लिहिलेले असते.